नारंगी गाडी आणि मासोळी

९ मे १९७७, सोमवार

आज आमच्या जाहिरात कंपनीच्या साहेबाने, ब्रॅनिगनने, मला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा वाटलं, झालं, नोकरी गेली. गेल्या वर्षीची टायरच्या जाहिरातीची मोहीम आपटल्यापासून तो माझ्याशी फार गोड वागतोय आणि मला त्याचीच धास्ती आहे. त्याने समोर एक चावी ठेवली.

"कॉर्डेल कंपनीची व्हॅन आहे. खाली उभी आहे. उन्हाळाभर तुझी."

"माझी का?"

"कारण तिची जाहिरात तू लिहिणार आहेस."

चाळीस वर्षं कॉर्डेलने ट्रक आणि व्हॅन विकल्या त्या प्लंबर, बेकरीवाले, रंगारी अशा लोकांना. आता पोरं त्याच व्हॅनमध्ये गालिचे टाकतायत, पलंग बसवतायत, बाजूला सूर्यास्त रंगवतायत. कंपनीला पोरं नकोत, त्यांच्याकडे पैसे नाहीत. कंपनीला माझ्यासारखे हवेत. सत्तेचाळीस वय, घराचे हप्ते फिटलेले, मुलगी कॉलेजला गेलेली, पोट सुटलेलं.

"मोठ्या माणसांनाही खेळणं लागतं, एवढंच त्यांना पटव," ब्रॅनिगन म्हणाला. "तू तिच्यात राहा, फीर, मजा कर. आणि जे वाटेल ते लिहून काढ."

म्हणून ही वही. ऑफिससाठी वेगळी आहे, तिच्यात मजा लिहायची आहे. इथे खरं लिहीन म्हणतो.

गाडी झेंडूच्या फुलासारखी नारंगी आहे. आत तपकिरी गालिचा, मागे पलंग, बाजूला गोल खिडकी, आणि गाडीतून गाडीत बोलायचा तो सीबी रेडिओ, जो हल्ली सगळ्यांनाच हवा असतो. घरी आणली तेव्हा माझी बायको बर्निस एप्रनला हात पुसत व्हरांड्यात आली आणि बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता रंगावरून बोलणार.

"चावी कुठे ठेवायची?" तिने विचारलं.

"स्वयंपाकघरातल्या खिळ्याला."

"बरं," म्हणाली आणि आत गेली. तिला गाड्यांत रस नाही.

११ मे, बुधवार

दिवसभरात बावीस ओळी लिहिल्या. सगळ्या फरशी पुसायच्या साबणाच्या जाहिराती वाटतात. टेबलाखाली पाय सतत हलतो. शेजारचा केंट म्हणाला, "स्टॅन, तू इमारत पाडशील." त्याचं वय एकोणतीस.

१५ मे, रविवार

काल बर्निसला घेऊन लेक ह्युरनच्या काठी मुक्काम केला. पलंग माझ्यापेक्षा चार बोटं आखूड आहे. पाठ धरली, डास चावले, सकाळी स्टोव्हवर अंडी करपली. बर्निस मात्र छान झोपली. मी उठायच्या आत पाण्याकडे गेली होती. परत आली तेव्हा स्लॅक्सचे पाय गुडघ्यापर्यंत ओले होते.

"पाणी अजून गार आहे," ती म्हणाली. "जूनमध्ये बरं होईल."

मी म्हटलं, "हं." मांडीवर वही होती. मजेबद्दल एक तरी ओळ हवी होती. गोल खिडकीतून तळं दिसत होतं, तेच लिहिलं. मग तेही खोडलं. या सगळ्यात नक्की काय करायचं असतं? बसायचं असतं का? मला बसता येत नाही. तीन वेळा गाडीभोवती फिरून टायर बघून आलो.

घरी येताना बर्निसने विचारलं, "तू शेवटचा कधी खेळलास रे?"

"गोल्फ? नोव्हेंबरमध्ये, ब्रॅनिगनबरोबर."

"गोल्फ नाही विचारलं," म्हणाली.

२६ मे, गुरुवार

कुणीतरी माझ्या गाडीत बसतंय. ड्रायव्हरची सीट पुढे ओढलेली होती, आरसा खाली वाकवलेला. आठवडाभर मी माझ्या जुन्या सेडानने ऑफिसला जातो, व्हॅन दारात उभी असते. शेजारचा ऑर्व्हिल ट्रास्क निवृत्त आहे, दिवसभर कुंपणापाशी असतो. त्यालाच गाठलं.

"ऑर्व्हिल, खरं सांगा. तुम्ही व्हॅनमध्ये बसता का?"

"मी? या गुडघ्याने त्या पायरीवर चढलो तर उतरवायला अग्निशमन दल बोलवावं लागेल."

"मग सीट कोण हलवतं?"

ऑर्व्हिलने गवत कापायचं यंत्र सुरू केलं. त्याला कमी ऐकू येतं.

७ जून, मंगळवार

ओळ सापडली. रात्रीच्या जेवणाला बटाटा भरलेल्या पिरोगी होत्या. मी कुरकुरत होतो की मोठ्या माणसाने खेळावं का, याचं कारणच मला सापडत नाही. बर्निस वाढता वाढता म्हणाली, "लहानपणी कुठे खेळायला मिळालं? पहाटे चारला उठून पप्पांच्या बेकरीत पाव मोजायचे. राहूनच गेलं." तिचं बोलणं चालू असतानाच माझ्या डोक्यात ओळ चमकली. जेवण टाकून उठलो.

*लहानपणी राहून गेलं? आता खेळा.*

वीस वर्षांत अशी ओळ सुचली नव्हती. आपण अजून संपलेलो नाही. परत टेबलाशी आलो तेव्हा बर्निसने माझं ताट झाकून ठेवलं होतं. ती पुढे काहीतरी सांगत होती, बहुधा बेकरीचंच.

१९ जून, रविवार

व्हॅनवाल्यांचा मेळावा बघायला एकटाच गेलो. जत्रेच्या मैदानावर तीनशेएक गाड्या. आत आरसे, झुंबरं, एकात तर अख्खी फायरप्लेस. माणसं साधी निघाली. कुणी छपराचं काम करणारा, कुणी शाळेत शिकवणारा. मला मक्याची कणसं खायला घातली. मी विचारायचो, "तुम्हाला यात काय मजा येते?" आणि ते माझ्याकडे असे बघायचे की जणू मी श्वास का घेता म्हणून विचारलंय.

एक दाढीवाला धिप्पाड माणूस गाडी बघून धावत आला. व्हर्न डॉकरी त्याचं नाव. इलेव्हन माइल रस्त्यावर त्याचा पेट्रोल पंप आहे. रेडिओवर प्रत्येकाचं एक टोपणनाव असतं, तसं त्याचं बेडूक.

"ही तर मासोळीची गाडी," तो म्हणाला. "मासोळी कुठंय?"

"कोण मासोळी?"

"असं काय करता? पोर्ट ह्युरनच्या रस्त्यावर तिला सगळे ओळखतात. परवा एका ट्रकवाल्याला झोप येत होती, तर बाई त्याला तासभर पाव मळायची कृती सांगत होती."

मी म्हटलं, ही कंपनीची गाडी आहे, अशा नारंगी पुष्कळ असतील. त्याने गोल खिडकीखालच्या ओरखड्यावर बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "असतील." मग मला आणखी एक कणीस दिलं.

घरी बर्निसला गंमत म्हणून सांगितलं. ती भांडी घासत होती. "त्या ट्रकवाल्याचं पुढे काय झालं?" तिने विचारलं. मला काय माहीत?

६ जुलै, बुधवार

कॉर्डेलचे उपाध्यक्ष ऑस्टरमन आले होते. पांढरे बूट, पांढरा पट्टा. ओळ वाचली, खुर्चीत मागे रेलले आणि दोनदा मोठ्याने म्हणून पाहिली. केंटचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ब्रॅनिगनने सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला.

फोटो ठरला. पाच ऑगस्ट, सिल्व्हर लेकच्या वाळूच्या टेकड्या. नारंगी व्हॅन, दार उघडं, समोर चाळिशीचा गडी, मोटारसायकल, कुत्रा आणि काऊबॉय टोपीतली एक तरुण मुलगी.

"त्याची बायको कुठे आहे?" मीच विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"घरी," ऑस्टरमन म्हणाले. "म्हणून तर मजा."

सगळे हसले. मीही हसलो.

संध्याकाळी बर्निसला सगळं वर्णन करून सांगितलं. तिने ओळ ऐकली. पुन्हा म्हणायला लावली. मग बराच वेळ टेबलावरचे चुरे गोळा करत राहिली.

"चांगली आहे," म्हणाली. "कुणाला सुचली?"

"मलाच. कुणाला सुचणार?"

थोड्या वेळाने म्हणाली, "स्टॅन, पाच तारखेला कुठे म्हणालास? मला त्या आठवड्यात गाडी लागेल."

"हं, बघू," मी म्हटलं. कुत्रा कुठल्या जातीचा घ्यायचा, याचा विचार चालू होता.

२० जुलै, बुधवार

आठवडा झाला, नव्वद फॅरनहाइटच्या खाली पारा उतरत नाही. माणसं चिडचिडी झालीत. बर्निसला मात्र उन्हाळा मानवलाय. खांदे तांबूस झालेत. मी येतो तेव्हा तिचे केस ओले असतात. दिवसातून दोनदा न्हात असेल. पाण्याचं बिल बघायला हवं.

व्हॅनचं मीटर बिघडलंय. मी उन्हाळ्यात फार तर नऊशे मैल चालवली असेल, मीटर साडेतीन हजारांच्या वर दाखवतंय. कॉर्डेलच्या गाड्यांत हा दोष असेल तर जाहिरातीत मैलांचा उल्लेख नको. टिपून ठेवलं.

रात्री झोप लागत नाही. मोहीम मंजूर झाली, पगार वाढणार आहे, तरी छातीत काहीतरी घरंगळत असतं. उठून बसलो की बर्निस झोपेतच विचारते, "काय झालं?" काही झालेलं नाही, हेच तर.

३१ जुलै, रविवार

मार्लीन ॲन आर्बरहून जेवायला आली होती. आईलेकी स्वयंपाकघरात नकाशा पसरून बसल्या होत्या. मी गेलो तर मार्लीन म्हणाली, "डॅडी, बुधवारचं तुम्हाला माहीत आहे ना?"

"बुधवारचं काय?"

"मी सांगितलंय त्याला," बर्निस म्हणाली. "तीन वेळा."

"हो, हो, माहीत आहे," मी म्हटलं. केंटचा फोन येणार होता. तो फोटोत टोपी पांढरी हवी म्हणतोय, मला काळी हवीय.

मार्लीनने जाताना आईला जरा जास्तच वेळ मिठी मारली.

३ ऑगस्ट, बुधवार

साडेसातला बाहेर आलो, तर व्हॅन जागेवर नाही. चोरी, हेच आधी वाटलं. मग स्वयंपाकघरात चिठ्ठी दिसली.

*स्टॅन, सांगितलं होतं त्याप्रमाणे गाडी नेतेय. फ्रीजमध्ये मीटलोफ आहे, दोन दिवस पुरेल. पुढचं तू बघ. ब.*

पाचसहा वेळा वाचली. बर्निसला व्हॅन चालवता येत नाही. एवढी मोठी गाडी ती कशी चालवणार? तसाच ऑर्व्हिलकडे गेलो.

ऑर्व्हिल कुंपणाच्या पलीकडे उभाच होता. वाट बघत असल्यासारखा.

"सहाला निघाली," तो म्हणाला. "आरसा नीट केला, मला हात केला आणि गेली."

"तिला चालवता येते?"

"स्टॅन, ती मे महिन्यापासून चालवतेय. मंगळवारी आणि गुरुवारी. तू सेडान घेऊन वळणावर गेलास की दहा मिनिटांत ही बाहेर. लेक्सिंग्टनला जाते, पोहते आणि चारच्या आत परत येते. सगळ्या गल्लीला माहीत आहे."

"पोहते?"

"शाळेत काउंटीची विजेती होती म्हणे. तूच तिला कुठल्याशा शर्यतीत पहिल्यांदा पाहिलंस ना? ती सांगत होती."

मी व्हरांड्याच्या पायरीवर बसलो. १९४९. बेल आइलची शर्यत. लाल टोपी. मला ती टोपी आठवत होती. पण टोपीखाली बर्निस होती, हे कधी विसरलो ते सांगता येत नाही.

"मला कधी सांगितलं नाहीत?"

"तू विचारलंस, मी गाडीत बसतो का. मी नाही म्हटलं. तू पुढचं विचारलं नाहीस."

परवा सकाळी सिल्व्हर लेकला गाडी हवी. ऑस्टरमन येणार. ऑफिसला फोन करायचा सोडून मी व्हर्न डॉकरीच्या पंपावर गेलो. दुसरं काही सुचलं नाही. त्याने मला पाहिलं आणि आश्चर्य दाखवलं नाही. हात पुसून रेडिओपाशी बसला.

"ती उत्तरेला गेली," म्हणाला. "सकाळी इथूनच टाकी भरली. सामुद्रधुनीवरच्या त्या मोठ्या पुलापलीकडे जायचं म्हणत होती. हा रेडिओ तेवढा पोचत नाही, पण महामार्गावरचे ट्रकवाले एकमेकांना निरोप देत नेतील. काय सांगायचं? थोडक्यात सांगा, ट्रकवाले निबंध पोचवत नाहीत."

पंचवीस वर्षं मी थोडक्यात सांगायचा पगार घेतोय. त्याच्या पंपावर, ग्रीसने माखलेल्या कागदावर, सहा वाक्यं लिहिली आणि सहाही खोडली. शेवटी म्हणालो, "शुक्रवारी शूटिंग आहे, गाडी परत आण."

"हेच पाठवू?"

"हेच."

त्याने पाठवलं. मी बाकावर बसलो, उठलो, शीतपेयाच्या यंत्रावरची सगळी नावं वाचून काढली, पुन्हा बसलो. लोक पेट्रोल भरून जात होते. दोनच्या सुमाराला रेडिओ खरखरला आणि कुणा अनोळखी माणसाचा आवाज आला. "बेडूकसाठी निरोप, गेलॉर्डहून आलाय. मासोळी विचारते, कुणाचं शूटिंग?"

कॅश काउंटरवरची बाई हसली. व्हर्न हसला नाही. त्याने माझ्यापुढे माइक धरला, आणि मी पहिल्यांदा त्या यंत्रात स्वतः बोललो. "तिला विचारा, बरी आहेस ना."

"एवढंच?"

"एवढंच."

हे जायला आणि यायला अडीच तास लागले. वाटेतल्या कितीतरी माणसांनी, ज्यांचे चेहरे मी कधी बघणार नाही, माझं ते वाक्य तोंडात धरून पुढे दिलं असेल. साडेचारनंतर उत्तर आलं. निरोप देणारा हळू बोलत होता, पाठ केल्यासारखा.

"मासोळी म्हणते, आता बरी आहे. मोठा पूल ओलांडला. स्वतः चालवत. मधोमध जोराचा वारा होता, तरी थांबली नाही."

व्हर्नने मला घोटभर कॉफी दिली. मी ती प्यायलो नाही म्हणे. त्यानेच नंतर सांगितलं, कप हातात धरून मी नुसता उभा होतो.

५ ऑगस्ट, शुक्रवार

कॉर्डेलच्या कारखान्यातून घाईघाईने दुसरी व्हॅन आणली. निळी. वाळूत रुतली, मग गावातल्या ट्रॅक्टरने ओढली. मॉडेल म्हणून आलेला गडी ग्रँड रॅपिड्सच्या बँकेत कॅशियर आहे, मोटारसायकलला घाबरतो. दोन माणसांनी मागून मोटारसायकल धरली तेव्हा कुठे तो हसला. मुलीच्या डोळ्यांत वाळू गेली होती. कुत्रा तेवढा खूश होता.

ऑस्टरमन वाळूत पांढरे बूट उचलून टाकत माझ्यापाशी आले. "नारंगी कुठे गेली?"

ब्रॅनिगनने मागून खूण केली की गॅरेजमध्ये आहे म्हण. मी म्हणणारच होतो.

"माझी बायको घेऊन गेली," मी म्हटलं.

"तुझ्या बायकोने माझी गाडी पळवली?"

"पळवली नाही. तीन महिने तीच चालवतेय. मी नुसता तिच्याबद्दल लिहितोय." आणि मग, थांबता येईना म्हणून, पुढेही बोललो. "फोटोत ती हवी होती. स्टिअरिंगवर. पंचेचाळीस वर्षांची बाई, केस ओले, एकटी. ती ओळही खरं तर तिचीच आहे."

ऑस्टरमन रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "स्टॅन, बायका स्टेशन वॅगन घेतात," ते समजुतीने म्हणाले. "त्यात किराणा मावतो. पंधरा तारखेच्या सोमवारी गाडी दारात पाहिजे." आणि फोटोग्राफरला ओरडले की सूर्य चाललाय.

फोटो सुरेख आले. हजारो माणसं बघतील आणि त्यांना वाटेल, आपण तिथे असायला हवं होतं. मी तिथे होतो.

परतीच्या वाटेवर ब्रॅनिगन म्हणाला, "दुसरा कुणी असता तर आज काढला असता. पण ओळ चांगली आहे."

७ ऑगस्ट, रविवार

मीटलोफ शुक्रवारीच संपला. डबाबंद सूपवर आहे. डबे उघडायचं यंत्र कुठल्या खणात असतं ते शोधण्यात अर्धा तास गेला.

दुपारी फोन वाजला. आधी नाणी पडल्याचा आवाज, मग बर्निस.

"मी ग्रँड मरेला आहे. लेक सुपीरियरच्या काठाला. पाणी असं आहे की दात वाजतात."

काय बोलायचं ते मी चार दिवस घोकत होतो. ते सगळं सोडून विचारलं, "तू घर सोडलंस का?"

ती लगेच नाही म्हणाली नाही. मागे पाखरं ओरडत होती.

"पूल ओलांडताना वाटलं, सोडलं," म्हणाली. "पलीकडे गेल्यावर भूक लागली. मग मासे खाल्ले आणि तो विचार मागे पडला. खरंच माहीत नाही, स्टॅन. तुला यायचं तर ये. बस सीनीपर्यंत येते, तिथून मी नेईन."

"उद्या पुढच्या वर्षाच्या मोहिमेची बैठक आहे."

"मग राहू दे," ती म्हणाली. रुसून नाही, दूधवाल्याला आज दूध नको सांगावं तसं. फोन ठेवला.

घरभर फिरलो. वरच्या मजल्यावर गेलो, खाली आलो. तिच्या कपाटात पोहायचे दोन नवे पोशाख होते, किमतीच्या चिठ्ठ्या न काढलेले, आणि एक जुना, विटलेला. खालच्या खणात लेक्सिंग्टनचे गोल गोल दगड, बूट ठेवायच्या खोक्यात. पन्नास तरी असतील. मी मोजले नाहीत. बॅग भरली. कशाला भरतोय हे स्वतःलाही सांगितलं नाही.

९ ऑगस्ट, मंगळवार

काल बैठकीला न जाता व्हर्नकडून तिला निरोप धाडला आणि रात्रीची बस धरली. बारा तास. माझ्या शेजारी बसलेल्या म्हातारीने विचारलं, सुट्टीवर का? मी म्हटलं, कामासाठी. मग म्हटलं, नाही.

सीनीच्या थांब्यावर नारंगी गाडी उभी होती, चाकं चिखलाने भरलेली. बर्निस टेकून उभी होती. माझ्या जुन्या शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, नाकाचं साल निघालेलं. आम्ही एकमेकांना नमस्कार करावा की मिठी मारावी, हे दोघांनाही ठरवता येईना. तिने माझी बॅग घेतली. मी सवयीने डाव्या, चालवणाऱ्याच्या दाराकडे गेलो.

"तिकडून," ती म्हणाली.

दुसऱ्या बाजूने चढलो. सत्तावीस वर्षांत ती चालवतेय आणि मी बाजूला बसलोय, असं कधी झालेलं नाही. ती वेगात चालवते, एका हाताने. मी दोनदा माझ्या पायाखाली नसलेला ब्रेक दाबला. तिने बघितलं.

काठावर पोचलो आणि ती सरळ पाण्यात गेली. मी ऑफिसच्या बुटांत, तिचा टॉवेल धरून. आधी डोकं दिसत होतं, मग डोक्याएवढं काहीतरी, मग मला नक्की सांगता येईना की ते डोकं आहे की लाट. हाक मारली. वाऱ्याने ती माझ्याच तोंडावर परत आणली. मला वाटलं, ही आता वळायची नाही, कॅनडाला जाईल. असा घाबरलो की टॉवेल वाळूत टाकून गुडघाभर पाण्यात गेलो. थंडीने पाय बधिर झाले तरी उभा राहिलो.

ती आली तेव्हा ओठ निळे होते. माझे भिजलेले बूट पाहिले.

"कशाला आलास पाण्यात?"

"दिसत नव्हतीस."

"मी रोज एवढी जाते," ती म्हणाली. मग टॉवेल झटकत म्हणाली, "पण बघणारं कुणी नव्हतं."

जेवताना मी तिला ओळीबद्दल सांगितलं. वाळूवर ऑस्टरमनना काय बोललो तेही. तिने ऐकून घेतलं.

"मला माहीत होतं ती माझी आहे म्हणून," ती म्हणाली. "तुला कळतं का, एवढंच बघत होते."

"रागावली होतीस?"

"फार. मेच्या आधीपासून." मग तळलेला मासा माझ्या पानात वाढला. "सोमवारी ही परत करायची ना? मग मी माझी एक जुनी बघणार आहे. व्हर्नच्या ओळखीत एका बेकरीची आहे. माझ्या नावावर."

मी म्हटलं, चालेल. ती म्हणाली, "विचारलं नव्हतं." आणि मग दोघांनाही हसू आलं. मला जरा उशिरा.

१० ऑगस्ट, बुधवार

सकाळी दुकानातून ब्रॅनिगनला फोन केला. तो आधी ओरडला, मग दमला.

"बरं, आहेस कुठे?"

"सुपीरियरच्या काठाला. रविवारी रात्री येईन. गाडी सोमवारी दारात असेल."

"बैठक केंटने घेतली. तुला कळतंय ना, याचा अर्थ काय?"

"कळतंय."

केंट माझ्या खुर्चीत बसलेला स्पष्ट दिसला. पाय आपोआप हलायला लागला. अजूनही वाटत होतं, संध्याकाळची बस पकडली तर उद्या दुपारी ऑफिसात असेन. बर्निस बाहेर गाडी सुरू करून बसली होती, मांडीवर नकाशा. आज कीनॉच्या टोकापर्यंत जायचं म्हणते. रस्ता संपतो तिथपर्यंत.

मग वेगळ्याच आवाजात, ज्या आवाजात मी त्याला कधी ऐकलं नाही, ब्रॅनिगनने विचारलं, "स्टॅन, खरं सांग. मजा येते का?"

मी काचेतून तिच्याकडे पाहिलं. मग आयुष्यात पहिल्यांदा त्याला जाहिरात न करता उत्तर दिलं.

"अजून नाही," मी म्हटलं, आणि फोन ठेवून उजव्या दाराने गाडीत चढलो.